रेणू काढा, बंध मोजा, मगच जोडा: ग्लुकोजपासून डीएनएपर्यंत चुका कुठे होतात आणि कशा टाळायच्या

दोन ग्लुकोज जोडून दाखवा असं सांगितलं की बहुतेक वह्यांत एकच चित्र दिसतं. शेजारी शेजारी दोन षटकोन, मध्ये एक रेघ, खाली नाव "माल्टोज", झालं. पाणी कुठे गेलं? ऑक्सिजन कुठे राहिला? त्या रेघेमुळे कार्बनला पाच बंध झाले ते कोणी पाहिलं का? नाही पाहत. कारण सगळे उलट्या दिशेने सुरुवात करतात, आधी बंधाचं नाव पाठ करतात (ग्लायकोसिडिक, पेप्टाइड, एस्टर वगैरे) आणि मग ते नाव चित्रात कुठेतरी बसवायला बघतात. खरा क्रम असा आहे: आधी अणू, मग संयुजा (कोण किती बंध करतो), मग प्रत्येक रेघेचा प्रकार, मग गट, मग जोडणी, आणि हायड्रोजन बंधासारखे नाजूक बंध सगळ्यात शेवटी. यातली एक पायरी गाळली तरी पुढे कुठेतरी अडकणार, आणि अडकल्यावर चूक नेमकी कुठे झाली तेही कळत नाही, हा खरा त्रास.

## तयारी: हे समोर नसेल तर सुरू करू नका

कोरे कागद, पेन्सिल, खोडरबर. पेनाने रेणू काढायचा नाही, खाडाखोड झाली की मोजणी चुकते. जमलं तर मातीचे छोटे गोळे आणि काड्या घ्या, पुढे एक-दोन ठिकाणी कागदावर डोळे फसतात तिथे कामाला येतील.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात दोन गोष्टी लिहून ठेवा. पाठ असल्या तरी लिहा.

पहिली, कोणाला किती बंध (यांनाच पुढे "हात" म्हणेन): हायड्रोजन १, ऑक्सिजन २, नायट्रोजन ३, कार्बन ४, सल्फर २ (अमिनो आम्लांमध्ये), फॉस्फरस ५ (फॉस्फेटमध्ये).

दुसरी, इलेक्ट्रॉन ओढायची ताकद, म्हणजे विद्युतऋणता, पॉलिंगच्या मापात: हायड्रोजन २.२०, कार्बन २.५५, नायट्रोजन ३.०४, ऑक्सिजन ३.४४, सल्फर २.५८, फॉस्फरस २.१९, सोडियम ०.९३, क्लोरीन ३.१६.

आणि खुणा आत्ताच ठरवून टाका. कोव्हॅलंट म्हणजे सहसंयुज बंधाला सलग रेघ, हायड्रोजन बंधाला तुटक रेघ, आयनिक ओढीला रेघच नाही, फक्त गोलात अधिक आणि वजा. ही शिस्त सुरुवातीला कंटाळवाणी वाटते पण अर्ध्या चुका सगळ्याला एकच रेघ वापरल्यामुळे होतात, हे मी वह्या तपासून तपासून सांगतोय.

## टप्पा १: सांगाडा काढा आणि हात मोजा

१. आधी फक्त कार्बन मांडा.
२. मग ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस जिथे असतील तिथे लावा.
३. द्विबंध असतील ते काढा.
४. हायड्रोजन सगळ्यात शेवटी, उरलेल्या रिकाम्या हातांना.

हायड्रोजन आधी लावत बसलात तर कार्बनचे हात त्यातच संपतात आणि मग ऑक्सिजन घुसवायला जागा उरत नाही, मग लोक काय करतात, तर कार्बनला पाचवा हात देतात. कार्बनला पाच हात दिसले की थांबा, खोडा, पुन्हा काढा. इथे तडजोड नाही.

नागमोडी आकृती दिली असेल (नुसत्या वाकड्या रेघा, अक्षरं नाहीत) तर प्रत्येक कोपरा आणि प्रत्येक मोकळं टोक म्हणजे एक कार्बन, आणि त्याचे हायड्रोजन लपलेले आहेत, नसलेले नाहीत. मेदाम्लं बहुतेक अशीच दाखवतात. लपलेले हायड्रोजन मोजायची सवय लागेपर्यंत पेन्सिलने लिहून काढा.

आता ग्लुकोजचं वळं. इथे बरेच जण पडतात, मीही पडलो होतो, शिकताना कित्येक दिवस षटकोनाचे सहाही कोपरे कार्बनचे समजून चाललो होतो आणि हायड्रोजनचा हिशेब का जुळत नाही म्हणून पुस्तकावर संशय घेत होतो. वळ्याचे कोपरे सहा, पण कार्बन पाचच. सहावा कोपरा ऑक्सिजनचा. सहावा कार्बन वळ्याच्या बाहेर लटकतो, पाचव्या कार्बनला धरून.

मोजून बघा. ऑक्सिजन: वळ्यातला १, आणि ओएच गट ५ (पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या कार्बनवर). एकूण ६. हायड्रोजन: वळ्यातल्या पाच कार्बनवर एकेक म्हणजे ५, सहाव्या कार्बनवर २, पाच ओएचमधले ५. एकूण १२. कार्बन ६. जुळलं.

तपासा: पाचव्या कार्बनवर ओएच काढलाय का? असेल तर चुकलं. त्याचा ऑक्सिजन वळं बंद करायलाच वापरला गेलाय.

सावधान: नायट्रोजनवर अधिक चिन्ह असेल तर त्याला चार बंध चालतात, ऑक्सिजनवर वजा असेल तर एकच. भार लिहिला नसेल तर मात्र चालत नाही. भार आणि हात एकत्र बघायचे, वेगवेगळे नाही.

## टप्पा २: प्रत्येक रेघ कुठल्या जातीची

आता कोपऱ्यात लिहिलेले आकडे वापरायचे. दोन अणूंची वजाबाकी करा.

कार्बन-हायड्रोजन ०.३५, म्हणजे जवळजवळ समान वाटणी, नॉनपोलर म्हणा. ऑक्सिजन-हायड्रोजन १.२४, ठणठणीत पोलर. नायट्रोजन-हायड्रोजन ०.८४, पोलर. कार्बन-ऑक्सिजन ०.८९, पोलर. सोडियम-क्लोरीन २.२३, इथे वाटणी नाहीच, इलेक्ट्रॉन गेलाच, आयनिक.

साधारण ०.५ च्या खाली नॉनपोलर आणि १.७ च्या आसपास वर गेलं की आयनिक, हा अंदाज आहे, कायदा नाही. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये फरक १.७८ येतो तरी तो आयनिक नाही, पोलर कोव्हॅलंटच आहे. त्यामुळे आकडा सीमेवर आला तर त्यावर भांडत बसू नका, सजीवांच्या रेणूंमध्ये अशी वेळ फारशी येतही नाही.

पोलर रेघेवर कोण किंचित वजा आणि कोण किंचित अधिक ते छोट्या अक्षरात लिहा. पाण्यात ऑक्सिजन किंचित वजा, दोन्ही हायड्रोजन किंचित अधिक. हे "किंचित" महत्त्वाचं. पूर्ण भार आणि किंचित भार एकच समजले की पुढचा सगळा हायड्रोजन बंधाचा भाग गोंधळतो.

सावधान: बंध पोलर म्हणजे रेणू पोलर असं नाही. कार्बन डायऑक्साइडचे दोन्ही बंध पोलर आहेत पण रेणू सरळ रेषेत, दोन्ही ओढी एकमेकांना मारतात, रेणू नॉनपोलर. पाणी वाकलेलं आहे, जवळपास १०४.५ अंशांत, म्हणून तिथे ओढी मरत नाहीत. इथे मातीचे गोळे काढा, एकदा हातात धरून वाकवलं की परत विसरत नाही.

आणि "आयनिक बंध सगळ्यात मजबूत" हे वाक्य कोरड्या मिठाच्या खड्याबद्दल ठीक आहे. पेशीत पाणी आहे. पाणी भारांमधली ओढ साधारण ८० पटीने कमी करतं, म्हणून मीठ विरघळतं आणि कोव्हॅलंट बंधाने धरलेला प्रथिनाचा कणा तसाच राहतो. कोण मजबूत हे विचारताना कुठे ते आधी विचारा.

## टप्पा ३: गटांना गोल करा, मग कुटुंब ठरवा

रेणूकडे बघून लगेच "हे प्रोटीन" असं म्हणायचं नाही. आधी पेन्सिलने गटांना गोल करा.

ओएच म्हणजे हायड्रॉक्सिल. सीओओएच म्हणजे कार्बॉक्सिल. एनएच२ म्हणजे अमिनो. फॉस्फरसभोवती चार ऑक्सिजन म्हणजे फॉस्फेट. एसएच म्हणजे थायॉल. नुसते कार्बन आणि हायड्रोजन असलेले लांब पट्टे, त्यांनाही वेगळ्या रंगाने घेरा, कारण तेच पाण्यापासून पळतात.

दोन चुका इथे ठरलेल्या. एक, कार्बॉक्सिलमधल्या ओएचला वेगळा गोल करून "इथे अल्कोहोल आहे" म्हणायचं. त्याच कार्बनवर द्विबंधाने दुसरा ऑक्सिजन असेल तर तो अख्खा एक गट, तोडायचा नाही. दुसरी, ग्लुकोजमध्ये ओएच दिसला की तो आम्लारी म्हणायचा, सोडियम हायड्रॉक्साइडसारखा. तिथला ओएच भार घेऊन सुटा असतो, इथला कार्बनला कोव्हॅलंट बंधाने चिकटलेला असतो. नाव सारखं, वागणं वेगळं.

आता कुटुंब. जवळजवळ प्रत्येक कार्बनवर ओएच, आणि कुठेतरी अल्डिहाइड किंवा कीटोन, म्हणजे कार्बनला द्विबंधाने ऑक्सिजन (किंवा त्याचं वळं), तर कर्बोदक. एकाच मधल्या कार्बनवर अमिनो, कार्बॉक्सिल, हायड्रोजन आणि एक बदलती बाजूची साखळी, तर अमिनो आम्ल. लांब कार्बन-हायड्रोजन पट्टा आणि ऑक्सिजन अगदी थोडे, तर लिपिड. साखर, फॉस्फेट आणि नायट्रोजनची वळी तिन्ही एकत्र, तर न्यूक्लिओटाइड.

"कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन १:२:१ म्हणजे कर्बोदक" यावर पूर्ण विसंबू नका. डीएनएमधल्या डीऑक्सिरायबोजमध्ये ५ कार्बन, १० हायड्रोजन, ४ ऑक्सिजन, प्रमाण बसत नाही, तरी साखरच. उलट असेटिक आम्लात २ कार्बन, ४ हायड्रोजन, २ ऑक्सिजन, प्रमाण अगदी बसतं आणि ते साखर नाही. तसंच नायट्रोजन दिसला म्हणून प्रोटीन नाही, ग्लुकोसअमाइनमध्ये नायट्रोजन आहे. आणि कोलेस्टेरॉलमध्ये मेदाम्ल नाही तरी ते लिपिडच, कारण लिपिड ही जात पाण्यात न विरघळण्यावरून ठरते, एका ठराविक सांगाड्यावरून नाही.

तपासा: पेशीत पीएच साधारण ७ च्या आसपास असतो, तेव्हा कार्बॉक्सिलचा हायड्रोजन गेलेला असतो (वजा भार) आणि अमिनोने एक जास्तीचा घेतलेला असतो (अधिक भार). जोडणी शिकताना भार नसलेलं रूप काढलं तर चालेल, मोजणी सोपी जाते. पण "पेशीत कसं दिसतं" असा प्रश्न असेल तर भार दाखवा.

## टप्पा ४: जोडणी, इथे वेळ काढा

सगळ्यात जास्त चुका इथे, म्हणून एक जोडणी अगदी सावकाश करू. ग्लायसिन आणि अलानिन घ्या. दोन्ही अमिनो आम्लं, ग्लायसिनची बाजूची साखळी नुसता हायड्रोजन, अलानिनची एक मेथिल (सीएच३).

१. दोन्ही एकाच दिशेने काढा: अमिनो डावीकडे, मधला कार्बन, कार्बॉक्सिल उजवीकडे. ग्लायसिन डावीकडे ठेवा, अलानिन उजवीकडे. म्हणजे ग्लायसिनचं कार्बॉक्सिल आणि अलानिनचं अमिनो समोरासमोर आले.
२. ग्लायसिनच्या कार्बॉक्सिलमधला ओएच घेरा. द्विबंधाचा ऑक्सिजन नाही, ओएच.
३. अलानिनच्या अमिनोमधला एक हायड्रोजन घेरा. मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन नाही.
४. घेरलेले दोन्ही खोडा आणि बाजूला एक पाण्याचा रेणू लिहा. खोडलं की लगेच लिहा, नंतर विसरायला होतं.
५. आता कार्बनचा एक हात रिकामा, नायट्रोजनचा एक हात रिकामा. त्यांना जोडा. हा पेप्टाइड बंध.

मोजा: त्या कार्बनला एक मागचा कार्बन, दोन हात द्विबंधाच्या ऑक्सिजनला, एक नायट्रोजन, चार झाले. नायट्रोजनला एक हा कार्बन, एक पुढचा कार्बन, एक हायड्रोजन, तीन झाले. वजन बघा: ग्लायसिन ७५, अलानिन ८९, बेरीज १६४, पाणी १८ गेलं, उरलं १४६. तुमच्या चित्रातल्या अणूंचं वजन १४६ आलं नाही तर काहीतरी खोडायचं राहिलंय किंवा जास्त खोडलंय.

क्रम उलटा केला तर तोच रेणू मिळतो का? नाही. ग्लायसिन-अलानिन आणि अलानिन-ग्लायसिन वेगळे, वजन मात्र सारखंच, त्यामुळे वजन जुळलं म्हणून क्रम बरोबर असेल असं धरू नका.

अजून एक गोष्ट जी चित्रात दिसत नाही. पेप्टाइड बंध एकेरी रेघेने काढतो पण तो फिरत नाही. त्याची लांबी सुमारे १.३३ अँगस्ट्रॉम, साध्या कार्बन-नायट्रोजन बंधापेक्षा (१.४७ च्या आसपास) आखूड, कारण द्विबंधाचा थोडा गुण त्यात उतरतो. मॉडेल करताना तिथे काडी घट्ट बसवा, सैल सोडली तर साखळीच्या घड्या चुकीच्या पडतील.

बाकीच्या जोडण्या आता पटकन, कारण रीत तीच आहे.

दोन साखरा: एका ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनवरचा ओएच आणि दुसऱ्याच्या चौथ्या कार्बनवरच्या ओएचमधला फक्त हायड्रोजन घेरा. पाणी बाहेर, एक ऑक्सिजन मध्ये पूल म्हणून उरतो. सुरुवातीला सांगितलेली ती चूक हीच, पूल न ठेवता कार्बनला कार्बन थेट जोडायचा. १८० अधिक १८० वजा १८, माल्टोज ३४२. आणि पहिल्या कार्बनवरचा ओएच खाली (अल्फा) की वर (बीटा) हे जोडण्याआधी बघा, जोडल्यावर नाही. अल्फा १-४ पूल लांबत गेला की स्टार्च, बीटा १-४ लांबत गेला की सेल्युलोज, तेच ग्लुकोज. आपल्या पोटातलं एन्झाइम पहिला पूल तोडतं, दुसऱ्याला हात लावू शकत नाही. एवढा फरक एका ओएचच्या दिशेचा.

फॅट: ग्लिसरॉलला तीन ओएच, प्रत्येकाला एक मेदाम्ल, म्हणून तीन पाणी, एक नाही. ग्लिसरॉल ९२, स्टिअरिक आम्ल २८४ चे तीन म्हणजे ८५२, बेरीज ९४४, वजा ५४, उत्तर ८९०. एकच पाणी वजा करून ९२६ लिहिणारे नेहमी भेटतात. आणि हा पॉलिमर (तुकड्याला तुकडा जोडत वाढणारी साखळी) नाही, कृपा करून तसं लिहू नका, तीन मेदाम्लं लागली की ग्लिसरॉलचे हात संपले, साखळी पुढे वाढायला जागाच नाही.

मेदाम्लात सिस द्विबंध (साखळीचे दोन्ही भाग द्विबंधाच्या एकाच बाजूला) असेल तर तिथे साखळीला वाक द्या. सरळ काढली तर पुढचं काहीच समजणार नाही: स्टिअरिक आम्ल साधारण ६९ अंश सेल्सियसला वितळतं, ओलेइक, ज्यात एक सिस द्विबंध आहे, १३ अंशांच्या आसपास. दोघांत कार्बन १८च. वाकलेल्या साखळ्या एकमेकींना नीट चिकटून बसत नाहीत, म्हणून लवकर सुटतात.

न्यूक्लिओटाइड: एकाच्या साखरेचा तीन नंबरचा ओएच आणि दुसऱ्याच्या पाच नंबरवरचं फॉस्फेट. दोन्ही साखरांच्या कार्बनना पाच प्राइमपर्यंत (प्राइम म्हणजे साखरेच्या कार्बनच्या नंबरवरची खूण) नंबर घालून घ्या, नंबर न घालता केलेली जोडणी हमखास उलटी येते. कागदावर एक पाणी वजा करून हिशेब जुळतो. पेशीत मात्र न्यूक्लिओटाइड तीन फॉस्फेट घेऊन येतो आणि त्यातले दोन जोडीने बाहेर पडतात, ऊर्जेची सोय तिथून होते.

डायसल्फाइड, म्हणजे दोन सल्फरमधला पूल: हा वेगळा. दोन सिस्टीनच्या (एसएच असलेलं अमिनो आम्ल) एसएचमधून फक्त दोन हायड्रोजन जातात, पाणी नाही. इथे १८ वजा करू नका, २ करा.

तपासा: एका साखळीत जितके तुकडे, त्याहून एक कमी पाणी. १०० ग्लुकोजची साखळी असेल तर ९९ पाणी: १८००० वजा १७८२, उत्तर १६२१८. ग्लायकोजेनसारख्या फांद्या असल्या तरी नियम हाच, प्रत्येक नवा तुकडा एकाच पुलाने चिकटतो. वळं बंद केलं तर मात्र जितके तुकडे तितकंच पाणी.

सावधान: अमिनो आम्लं पाण्यात टाकून ठेवली म्हणून आपोआप प्रोटीन होत नाही. पाणी काढणं हे कागदावर सोपं, भोवती सगळं पाणीच असताना त्याला ऊर्जा आणि एन्झाइमची यंत्रणा लागते.

## टप्पा ५: तुटक रेघा, सगळ्यात शेवटी

कोव्हॅलंट सांगाडा पूर्ण आणि तपासून झाल्याशिवाय हायड्रोजन बंध काढायचे नाहीत. कारण हायड्रोजन बंध हा दोन रेणूंमधला, किंवा एकाच मोठ्या रेणूच्या दोन भागांमधला. पाण्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनला जोडणारी सलग रेघ म्हणजे हायड्रोजन बंध नव्हे. नाव फसवं आहे, मान्य, पण एकदा नीट बघून घ्या.

काढण्याआधी दोन प्रश्न विचारा. हा हायड्रोजन ऑक्सिजन किंवा नायट्रोजनला धरून आहे का? समोर न वापरलेली इलेक्ट्रॉनची जोडी असलेला ऑक्सिजन किंवा नायट्रोजन आहे का? दोन्हीला हो आलं तरच तुटक रेघ. कार्बनवरच्या हायड्रोजनला या हिशेबात धरू नका.

ताकदीचा अंदाज: पाण्याच्या आतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे साधारण ४६० किलोज्यूल लागतात, दोन पाण्यांमधला हायड्रोजन बंध तोडायला २० च्या आसपास. पाणी उकळलं की दुसरा तुटतो, पहिला नाही. पहिला तुटला असता तर भांड्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर आले असते, वाफ नाही.

आता डीएनए. त्यातल्या चार प्रकारच्या न्यूक्लिओटाइडना ए, टी, जी, सी अशी अक्षरं; ए समोर टी, जी समोर सी. एटीजीसीसीए असा सहा जणांचा पट्टा घ्या, डावं टोक पाच प्राइम. समोर टीएसीजीजीटी येईल. लोक इथेच थांबतात आणि तोच पट्टा डावीकडून वाचून उत्तर लिहितात. समोरचा पट्टा उलट्या दिशेने धावतो, त्याचं पाच प्राइम टोक उजवीकडे आहे, म्हणून रिवाजाने वाचायचं तर टीजीजीसीएटी. बाणाशिवाय पट्टा काढू नका.

हायड्रोजन बंध: ए-टी जोडीला २, जी-सी जोडीला ३. इथे ए-टी जोड्या तीन, जी-सी जोड्या तीन, म्हणजे ६ अधिक ९, एकूण १५ तुटक रेघा. फॉस्फेटचे पूल मात्र प्रत्येक पट्ट्यात ५, दोन्ही मिळून १०, आणि ते सलग रेघांचे. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की सगळं उत्तर गेलं. पेशी डीएनएची नक्कल करताना ते १५ सोडवते, १० ला हात लावत नाही.

तेलकट भाग एकत्र गोळा होतात, त्याला "हायड्रोफोबिक बंध" म्हणून रेघ काढणारेही आहेत. रेघ काढू नका. ते भाग एकमेकांना घट्ट धरत नाहीत, पाणीच आपापसातले हायड्रोजन बंध टिकवायला त्यांना कोपऱ्यात ढकलतं. कागदावर त्या भागाला रंग द्या, बस.

## टप्पा ६: तोडताना तोच रस्ता उलटा

हायड्रोलिसिस म्हणजे पाणी परत घालणं. पूल ओळखा, कापा, एका बाजूला ओएच द्या, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन. आणि ओएच मूळ मालकालाच: पेप्टाइडमध्ये कार्बनला, नायट्रोजनला नाही.

प्रोटीन तापवलं की ते बिघडतं, म्हणजे डीनेचर होतं, तेव्हा काय तुटतं हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तर हमखास "पेप्टाइड बंध" येतं. चूक. घड्या धरून ठेवणारे नाजूक बंध सुटतात, अमिनो आम्लांची साखळी तशीच राहते. पेप्टाइड बंध तोडायला एन्झाइम किंवा तीव्र आम्लात बराच वेळ उकळणं असलं काहीतरी लागतं.

एटीपी म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, त्याबद्दल एक वाक्य मनातून काढून टाका: "बंध तुटला की ऊर्जा सुटते". बंध तोडायला कायम ऊर्जा घालावी लागते. एटीपी पाण्याशी मिळून जे नवे पदार्थ आणि नवे बंध तयार होतात ते जास्त स्थिर असतात, त्या फरकातून मोलमागे साधारण ३० किलोज्यूल मोकळे होतात. एकूण जमाखर्च बघायचा, नुसता खर्च नाही.

## हात बसलाय का ते बघायला एक गणित

इन्सुलिन घ्या, माणसाचं. ५१ अमिनो आम्लं, दोन साखळ्या, एक २१ ची, एक ३० ची. डायसल्फाइड पूल ३, त्यातले २ दोन साखळ्यांच्या मध्ये आणि १ लहान साखळीच्या आतच. सुट्या ५१ अमिनो आम्लांपासून हा रेणू कागदावर बांधताना किती पाणी गेलं आणि किती हायड्रोजन गेले?

५० पाणी आलं असेल तर तुम्ही ५१ मधून एक वजा केलात. साखळ्या दोन आहेत, म्हणून २० अधिक २९, पेप्टाइड बंध ४९ आणि पाणीही ४९. ५२ आलं असेल तर डायसल्फाइडलाही पाणी लावलंत, टप्पा ४ चा शेवट परत वाचा. तिथून जातात ते नुसते हायड्रोजन, प्रत्येक पुलामागे दोन, एकूण ६.